माहीत असणं, येणं आणि जमणं: विषाशी काम करणाऱ्यांचं प्रशिक्षण

(जळकोट, ता. तुळजापूर, जि. धाराशिव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



घातक कचरा आणि तो हाताळणाऱ्या माणसांचं प्रशिक्षण, असा आजचा विषय आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं या विषयावर काय बोलावं, असं तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल. रास्त आहे. पंप कसा चालवायचा हे समोर बसलेल्या अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. मी आयुष्यभर शिकवण्याचं काम केलं. त्यामुळं 'शिकवलं' असं कधी म्हणता येतं आणि कधी म्हणता येत नाही, एवढ्याच प्रश्नावर मी बोलणार आहे. पण हवेत बोलणार नाही. बाटली, पंप, मजुरी आणि कायदा, हे सगळं सोबत घेऊन बोलणार आहे.

आपला घातक कचरा कुठं आहे?

घातक कचरा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं कारखाना येतो. भोपाळ आठवतं. १९८४ सालच्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेच्या मधल्या रात्री, तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. त्या कारखान्याच्या आवारात उरलेला कचरा हलवायला चाळीस वर्षं लागली. १ जानेवारी २०२५ च्या रात्री ३३७ टन कचरा बारा कंटेनरमधून पीथमपूरला निघाला आणि त्याच वर्षी जूनअखेर तो तिथल्या भट्टीत जाळून झाला. हा कचरा भरणाऱ्या कामगारांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या होत्या. अंगभर संरक्षक पोशाख, आरोग्य तपासणी, मध्ये विश्रांती. हे अगदी योग्य झालं. सगळ्या देशाचं लक्ष तिकडं होतं.

आता आपल्या शिवारात या. सोलापूर-हैदराबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना आपली रानं आहेत. सोयाबीन आहे, तूर आहे, ऊस आहे, कुठं द्राक्षबाग आहे. विहिरीच्या काठाला, ओढ्याच्या कडेला, बांधावरच्या बोरीखाली रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. त्यांच्याकडं कुणाचंच लक्ष नसतं. पण २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांच्या डब्यांना 'घरगुती घातक कचरा' असंच म्हटलेलं आहे. कारखान्यातून निघणारा घातक कचरा घ्यायला महाराष्ट्रात रांजणगाव, तळोजा, बुटीबोरी अशी केंद्रं आहेत. आपल्या बांधावरच्या बाटलीला मात्र पत्ता नाही. आणि ती बाटली रिकामी करणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाची पाळीही नाही. तो सकाळपासून दिवस मावळेपर्यंत पंप पाठीवर घेऊन असतो.

म्हणून आजच्या व्याख्यानाचा कामगार म्हणजे तो शेतमजूर, आणि त्याला पाणी आणून देणारी, बाटलीतलं पाण्यात कालवून देणारी बाई.

एका शब्दाची गोष्ट

आपण त्या बाटलीतल्या वस्तूला काय म्हणतो? 'औषध'. औषध मारलं, औषध आणायचं आहे, औषधाची उधारी राहिली. आणि कुणी जीव दिला तर म्हणतो, 'त्यानं औषध घेतलं'. तापाची गोळीही औषध आणि हेही औषध. पिकाच्या बाजूनं पाहिलं तर शब्द बरोबर आहे, पिकाचं दुखणं बरं होतं. माणसाच्या बाजूनं पाहिलं तर ते विष आहे. पण एकच शब्द वापरला की दुसरी बाजू झाकली जाते.

तशीच गोष्ट बाटलीवरच्या रंगीत चौकोनाची. त्यातल्या खालच्या त्रिकोणात चार रंगांपैकी एक असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवरच्या चाचणीवरून. वजनाच्या दर किलोमागं किती मिलिग्रॅम विष पोटात गेलं की निम्मे प्राणी मरतात, तो आकडा काढतात. ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याच्या पुढं हिरवा. म्हणजे आकडा जितका लहान तितकं विष जहाल.

पण ज्याला हा संकेत कुणी सांगितलेला नाही तो माणूस काय समजेल? लाल म्हणजे 'कडक माल', किडीवर जोरात चालणारा. पिवळा तर हळदीचा, शुभकार्याचा रंग. हिरवा म्हणजे पिकाचा, म्हणजे काहीच धोका नाही. शब्दाचा आणि अर्थाचा संबंध शिकावा लागतो, तसाच रंगाचा आणि अर्थाचाही. नुसतं छापलं म्हणजे सांगितलं असं होत नाही.

तीन क्रियापदं

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. ज्ञानाविषयी आपल्या मराठीत तीन साधी क्रियापदं आहेत आणि ती फार नेमकी आहेत. 'माहीत आहे', 'येतं' आणि 'जमतं'.

विहिरीत पोहायचं तर हात-पाय कसे मारायचे हे एखाद्याला माहीत असतं. पण त्याला पोहता येतं असं आपण म्हणत नाही. पाण्यात उतरून, नाकातोंडात पाणी जाऊन, आठ-पंधरा दिवसांनी ते 'येतं'. आणि ज्याला उत्तम पोहता येतं तोही एखाद्या दिवशी म्हणतो, 'आज जमणार नाही.' का? ताप आहे, विहिरीला पाणी नाही, मालक उतरू देत नाही. म्हणजे 'माहीत असणं' डोक्यात असतं, 'येणं' हातात असतं, आणि 'जमणं' हे भोवतालच्या परिस्थितीवर असतं.

सुरक्षिततेचं प्रशिक्षण म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा पहिल्या क्रियापदावर थांबतं. सभा होते, पत्रकं वाटली जातात, फोटो निघतो, हजेरीपत्रकावर सह्या होतात. पुढं अपघात झाला की म्हणायला मोकळे: 'त्याला सगळं सांगितलं होतं.' माझं म्हणणं असं आहे की तिन्ही क्रियापदं पुरी झाल्याशिवाय 'प्रशिक्षण दिलं' असं म्हणू नये. आता एकेक घेऊ.

माहीत काय असलं पाहिजे?

नियम माहीत असणं वेगळं आणि कारण माहीत असणं वेगळं. 'हात धुवा' हा नियम झाला. तो विसरला जातो. कारण समजलं की विसरणं अवघड होतं.

कारण असं आहे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस ही सगळी एका कुळातली. आपल्या शरीरात मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जातो तो एका रसायनाच्या रूपानं. निरोप पोचला की दुसरं एक रसायन येऊन तो पुसून टाकतं. वर्गात फळ्यावर लिहायचं, मुलांनी वाचलं की पुसायचं, मग पुढचं लिहायचं, तसं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच निकामी करतं. फळा पुसला जात नाही, लिहिलेल्यावरच लिहिलं जातं. स्नायूंना, ग्रंथींना निरोप येतच राहतात. म्हणून लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं, मळमळतं, उलट्या-जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, अंग थरथरतं आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. कीड मरते ती याच कारणानं. किडीत आणि माणसात ही यंत्रणा सारखीच आहे.

आता पाहा, घाम, मळमळ, थकवा, चक्कर. उन्हात राबणाऱ्याला हे झालं की आपण काय म्हणतो? 'ऊन लागलं.' झाडाखाली बसवतो, पाणी पाजतो. आणि अंगावरचा भिजलेला सदरा तसाच राहतो, विष कातडीतून आत जातच राहतं. हे विष तोंडानंच पोटात जावं लागतं असं नाही. कातडीतून जातं, श्वासातून जातं. तंबाखू मळायला डावा तळहात पुढं केला की थेट तोंडात जातं. तोंडाला बांधलेली दस्ती फवाऱ्यानं भिजली की ती रक्षण करत नाही, उलट ओलं विष नाकातोंडाशी धरून ठेवते.

म्हणून अशा माणसाचे कपडे लगेच उतरवायचे, अंग साबणपाण्यानं धुवायचं, धुणाऱ्यानं आपलेही हात सांभाळायचे. उलटी काढायला लावायची नाही. दूध, तूप, ताक काही पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्यायचं. कारण यावर ॲट्रोपिनसारखी औषधं आहेत, पण विष कोणत्या कुळातलं आहे हे डॉक्टरला लवकर कळलं पाहिजे. इथं खरंखुरं औषध वाचवतं, आणि बाटलीचं लेबल हे त्या औषधाकडं जाण्याची वाट असते.

द्राक्षबागेचं एक उदाहरण देतो, कारण ते फार थोड्यांना माहीत असतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट काडीवर लावतात. हे रसायन कातडीला आणि डोळ्यांना तर घातक आहेच, पण ते शरीरात दारू पचण्याच्या क्रियेत आडवं येतं. दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी जो थोडी घेतो त्याचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, धाप लागते. 'जास्त झाली असेल' म्हणून लोक हसतात. ती जास्त झालेली नसते. या कामाच्या आदल्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस दारू अजिबात चालत नाही. इथं दारू वाईट की चांगली हा उपदेश नको. उपदेश केला की माणूस कान बंद करतो. कारण सांगितलं तर ऐकतो.

हाताला काय आलं पाहिजे?

दुसरं क्रियापद. बाटली रिकामी झाल्यावर ती तीनदा विसळायची, असं सगळे सांगतात. तीनदाच का? एकदाच भरपूर पाण्यानं का नाही? जरा हिशोब करू.

अर्ध्या लिटरची बाटली उपडी केली तरी आत पाच मिलिलिटर औषध चिकटून राहिलं असं धरा. तिच्यात ३७५ मिलिलिटर पाणी घालून एकदाच विसळलं आणि ओतलं. पुन्हा पाचच मिलिलिटर आत राहणार, पण आता ते पातळ झालेलं. मूळ विषाचा ७६ वा हिस्सा बाटलीत उरला. आता तेच ३७५ मिलिलिटर पाणी तीन भागांत वाटा. प्रत्येक वेळी १२५. पहिल्या विसळण्यात २६ वा हिस्सा उरतो, दुसऱ्यात त्याचा २६ वा, तिसऱ्यात त्याचाही २६ वा. म्हणजे शेवटी उरतो सतरा हजार पाचशे शहात्तरावा हिस्सा. पाणी तेवढंच. फरक फक्त पद्धतीचा.

आणि हे विसळलेलं पाणी कुठं ओतायचं? पंपातच. म्हणजे पैसे देऊन आणलेला माल पिकावरच जातो, ओढ्यात जात नाही. झाकण लावून अर्धा मिनिट हलवायची, पंपात ओतायची, असं तीनदा. मग बाटलीला बुडाशी भोक पाडायचं, म्हणजे तिच्यात पुन्हा कुणी तेल-पाणी भरणार नाही. जाळायची नाही, धूर विषारी असतो. विसळण्याचं पाणी हौदात, ओढ्यात, विहिरीत टाकायचं नाही.

पुन्हा कुणी भरणार नाही, यावर मी जोर का देतो? १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका गावात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. कीटकनाशकाचा डबा तेलासाठी वापरला गेल्याचं त्या वेळी सांगितलं गेलं. एक रिकामा डबा, एवढीच गोष्ट.

हे विसळणं सभागृहात सांगून येत नाही. त्यासाठी रानात जावं लागतं, खरी बाटली, खरं पाणी, खरा पंप. शिकणाऱ्यानं स्वतः करून दाखवायचं, आणि शिकवणाऱ्यानं गप्प उभं राहून पाहायचं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, हे हजारदा ऐकलेला माणूससुद्धा नोझल तुंबलं की आपोआप तोंडाकडं नेतो, कारण हाताला तीच सवय आहे. बारीक मऊ ब्रश पंपालाच दोरीनं बांधून ठेवला आणि चार वेळा त्यानं साफ करायला लावलं की हात नवी सवय शिकतो. हाताला शिकवायला हातच लागतात.

आणि जमलं पाहिजे

आता तिसरं क्रियापद, आणि माझ्या मते खरी अडचण इथं आहे.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. सरकारनं विशेष तपास पथक नेमलं, नोव्हेंबरात विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याएवढी उंच वाढली होती, म्हणजे फवारा खाली जाण्याऐवजी तोंडासमोर येत होता. हवा दमट होती. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती.

पण त्या काळातली एक गोष्ट मला जास्त लागली. सगळीकडून एकच वाक्य ऐकू येत होतं: 'मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत.' वाक्य खोटं नव्हतं. पण ते कोणत्या परिस्थितीत बोललं जात होतं ते बघा. फवारणीची मजुरी कित्येक ठिकाणी पंपावर ठरते. जितके पंप, तितके पैसे. म्हणजे जो थांबेल, हात धुवेल, वारा फिरला म्हणून काम बंद ठेवेल, त्याची मजुरी कमी. ज्याला सुरक्षित राहायचं त्यानं स्वतःच्या खिशातून किंमत मोजायची! वर रानात साबण नाही, धुवायला वेगळं पाणी नाही, बदलायला दुसरा सदरा नाही. आणि प्लास्टिकचा पोशाख घालून उकाड्यात काम केलं तर माणूस विषानं नाही तर उष्म्यानं पडतो.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारातलं एक सूत्र अभ्यासक नेहमी सांगतात. सोप्या मराठीत ते असं: एखाद्याला 'तू हे करायलाच हवंस' असं सांगायचं असेल तर ते त्याला करता येणं शक्य असलं पाहिजे. जे शक्यच नाही त्याचं कर्तव्य कुणावर लादता येत नाही. आता हे फवारणीला लावा. ज्याला हातमोजे दिलेले नाहीत त्याला 'हातमोजे घाल' म्हणणं हे प्रशिक्षण होत नाही. ती आपल्या अंगावरची जबाबदारी त्याच्या अंगावर ढकलण्याची सोय आहे.

सुरक्षिततेच्या शास्त्रात उपायांची एक उतरंड सांगतात. सगळ्यात वर, धोका मुळातच टाळा. फवारणीची गरज आहे का ते पाहा, कामगंध सापळे लावा, किडीची संख्या मोजा. मग, जहाल विषाऐवजी सौम्य वापरा. मग, यंत्राची सुधारणा करा, गळका पंप बदला. मग, कामाची पद्धत बदला, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी फवारा, फवारा अंगावर येणार नाही अशा बेतानं वाऱ्याच्या अंदाजानं चाला. आणि सगळ्यात खाली मास्क आणि हातमोजे, म्हणजे वरचं सगळं करूनही जो धोका उरेल त्याच्यासाठी. आपण उतरंड उलटी केली. शेवटचं मडकं सगळ्यात आधी मजुराच्या हातात दिलं आणि ते फुटलं की त्यालाच बोल लावला.

कायदा बांधापाशी का थांबतो?

कायद्यात प्रशिक्षण नाही का? आहे. १९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेलं गव्हाचं पीठ खाऊन शंभरहून अधिक माणसं मेली. विष आणि पीठ एकाच जहाजातून आलं होतं, विष आपल्या भांड्यातून बाहेर पडलं. त्या घटनेनंतरच्या चौकशीतून पुढं १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ चे नियम आले. त्या नियमांत संरक्षक कपडे आहेत, वैद्यकीय तपासणी आहे, रिकाम्या वेष्टनांची विल्हेवाट आहे. उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांनी कामगारांना सुरक्षिततेचं प्रशिक्षण द्यावं, असंही आहे.

पण त्याच कायद्याचं ३८ वं कलम सांगतं की माणूस स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा आपण कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरत असेल तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. हेतू समजण्यासारखा आहे. साध्या शेतकऱ्याला परवाने आणि तपासण्या यांच्या फेऱ्यात अडकवू नये. पण शेतकऱ्याला दिलेल्या त्या सवलतीच्या पोटात त्याचा मजूरही जातो. कारखान्यात विष भरणाऱ्याला कायदा आहे, गोदामात ते हलवणाऱ्याला आहे. बाटलीचं बूच उघडून ते अंगावर घेणाऱ्यापर्यंत येता येता कायदा बांधावरच उभा राहतो.

भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. तिनं कामगाराला दोन महत्त्वाचे हक्क दिले. आपल्या कामातल्या धोक्याची माहिती आणि प्रशिक्षण मिळवण्याचा, आणि धोका जवळ आला आहे असं वाटलं तर तसं वरिष्ठांना सांगण्याचा. हजारो माणसं गेल्यावर हे शहाणपण कागदावर आलं. शेतमजुराला तेच हक्क देण्यासाठी आपण आणखी कशाची वाट पाहायची?

कुणाचं ऐकायचं?

आणखी एक प्रश्न राहतो. शिकवायचं कुणी? आपल्या न्यायदर्शनात शब्द हे ज्ञानाचं एक प्रमाण मानलं आहे. पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनानं याचा खुलासा केला आहे. त्याचा मथितार्थ असा, की ज्यानं ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो की परका म्लेंच्छ, जात-कूळ विचारायचं नाही.

ही कसोटी लावून पाहा. औषध विकणाऱ्या दुकानदाराला माहिती असते, पण 'या आठवड्यात फवारू नका' हे सांगण्यात त्याचा तोटा असतो. सगळेच दुकानदार तसे वागतात असं नाही, पण एकट्या दुकानदारावर सल्ल्याची सारी भिस्त ठेवणं बरोबर नाही. पुस्तक वाचून आलेल्या अधिकाऱ्याची इच्छा चांगली असते, पण पंपाचा पट्टा खांद्याला कसा काचतो हे त्यानं जाणलेलं नसतं. मग आप्त कोण? माझ्या मते, वीस वर्षं फवारणी केलेला आणि एकदा विषबाधेतून उठलेला मजूर, बाटलीतलं हातानं कालवणारी बाई, आणि त्यांच्याबरोबर गावातली आशा ताई किंवा आरोग्य केंद्राचे डॉक्टर. एकाला रान माहीत, दुसऱ्याला शरीर माहीत. दोघं मिळून एक पुरा आप्त होतो.

गावाला काय करता येईल?

चार गोष्टी सांगतो, चारही गावाच्या आवाक्यातल्या आहेत.

एक, फवारणीची मजुरी पंपावर न देता दिवसावर द्यायची आणि दिवस लहान ठेवायचा. हे एक केलं तरी घाई निम्मी कमी होईल.

दोन, पंपाबरोबर रानात साबण, एक घागर स्वच्छ पाणी आणि बदलायला कपडे गेलेच पाहिजेत. ते पुरवायचं काम मालकाचं. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत, वेगळे धुवायचे, नाहीतर विष लेकरांच्या कपड्यांपर्यंत जातं.

तीन, ग्रामपंचायतीनं कुलपाची एक जागा ठेवायची. तीनदा विसळलेल्या, भोक पाडलेल्या बाटल्या तिथं जमा. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात त्या जाऊ द्यायच्या नाहीत, कारण तो कचरा पुन्हा कुणीतरी उघड्या हातानं वेचतो. साठलेल्या बाटल्या पुढं योग्य ठिकाणी पाठवण्यासाठी जिल्हा परिषदेकडं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं ठराव करून लेखी मागणी करायची.

चार, मजुराला 'आज नको' म्हणता आलं पाहिजे. वारा आहे, पंप गळतो आहे, डोकं दुखतं आहे, अंगावर जखम आहे, बाई गरोदर आहे. असं म्हटल्यावर उद्याचं काम जाता कामा नये. हे ज्याला म्हणता येत नाही त्याला बाकीचं सगळं शिकवून उपयोग नाही.

एक प्रश्न

(श्रोत्यांतून एका शेतकऱ्यानं विचारलं: 'सर, मी हातमोजे आणून दिले तरी गडी काढून ठेवतो. मग काय करायचं?')

चांगला प्रश्न आहे, आणि खरा आहे. त्याला आधी विचारा, का काढलेस? रागानं नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. उत्तरं येतील. आत घाम साठतो. नोझलचा आटा फिरवता येत नाही. माप मोठं आहे, बाईच्या हाताला बसत नाही. कापडी मोजे असतील तर ते विष शोषून घेतात, म्हणजे काढून ठेवणाऱ्याचंच बरोबर होतं! मग नायट्राइल रबराचे, त्याच्या मापाचे आणा. बाटली उघडताना आणि कालवताना तर ते हवेतच, कारण तेव्हा विष पातळ झालेलं नसतं, धोका सगळ्यात जास्त तेव्हा असतो. आणि तरीही काढलेच, तर तुम्ही स्वतः तेच मोजे घालून एक पंप मारून बघा. दोन गोष्टींपैकी एक होईल. मोज्यात काय खोट आहे ते तुम्हाला कळेल, किंवा ते घालून काम करता येतं हे त्याला दिसेल. दोन्ही मिळून तुमचं दोघांचं प्रशिक्षण झालं असं समजा.

आणि पुढच्या वेळी कुणी प्रशिक्षणाचं हजेरीपत्रक पुढं केलं, तर सही करण्याआधी म्हणा, आधी एक बाटली द्या, विसळून दाखवतो. मग विचारा, साबण आणि पाणी रानात कोण आणणार आहे? त्याचं उत्तर मिळालं की सही करा.